मदत हवी आहे: टोपणनावाने छापायचं असेल तर?

मंडळी, आम्ही यावलकडचे. मुलगा १४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. आंघोळीला उचलताना कंबर धरते, कधी त्याच्यावरच खेकसतो आणि मग रात्रभर झोप नाही. लग्नकार्यात सगळे त्याच्या आईला विचारतात. बापाने म्हणे खंबीर राहायचं. हे सगळं लिहून काढलंय, दिवाळी अंकाला पाठवायचंय, पण टोपणनावाने. पोराची चर्चा पारावर नको (आमची भाऊबंदकी तर विचारूच नका).

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात टोपणनावाच्या लेखनालाही प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, एवढं माहीत आहे. पण संपादकांना खरं नाव आधीच कळवायचं का? मानधनाचा चेक कुणाच्या नावाने येतो? आणि गाव बदललं तरी केळीचा मळा न्‌ व्हीलचेअर वाचून आपली माणसं ओळखणारच. तुम्ही काय काय बदललंत? कुणा बापाने असं लिहिलं असेल तर सांगा.