पोलिसावर तक्रार करायला पुणं गाठायचं?

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं, हायकोर्टासाठी मुंबईची वारी संपली. पण पोलिसाविरुद्धची तक्रार पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या मंडळाकडे, न्यायची तर आपण पुणे महसूल विभागात. म्हणजे जिल्ह्याच्या टोकाच्या चंदगडच्या माणसाने मुक्कामाच्या तयारीनंच निघायचं. २००६ च्या प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरण सांगितलं होतं, अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आपल्याकडे २०१४ ला पोलीस कायदा दुरुस्त झाला, त्यात जिल्ह्याच्या जागी विभाग आला. एसपी ऑफिसला अर्ज दिला तर तो फिरून फिरून त्याच ठाण्यात येतो, हे इथं कुणाला सांगायला नको. कायदा बदला, जिल्ह्याला प्राधिकरण द्या.

निवृत्त हवालदार:
काय राव, अजून एक दुकान? खातेनिहाय चौकशी आहे, लाचलुचपत आहे, मानवी हक्क आयोग आहे, कोर्ट आहे. आरोपी आत आला की वकील पहिला अर्ज पोलिसावरच टाकतो, जामिनाला उपयोगी पडतो. चौकशी लागली की बढती लटकते, आणि ती वर्षानुवर्षं लटकते. जोतिबाच्या यात्रेला दिवसभर उन्हात उभं राहून रात्री ठाण्यात आलेल्या माणसाला कसुरी अहवालाची, म्हणजे कामात चूक झाली म्हणून वर जाणाऱ्या अहवालाची, भीती आधीच पुरेशी असते.

काळा कोट:
हवालदार साहेब, किरकोळ अर्जांसाठी हे प्राधिकरण नाहीच. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं अशी यादी कायद्यातच आहे. फिर्याद घेतली नाही हे रोजचं दुखणं त्यात थेट नाही. ‘कायद्याचं गंभीर उल्लंघन’ या शेवटच्या कलमात ते बसवायला वकिलाला घाम फुटतो.
आणि पंचगंगाकाठ, नुसतं ऑफिस कोल्हापुरात आणून काय होणार? सुप्रीम कोर्टाने शिफारस बंधनकारक म्हटली होती. आपल्या कायद्यात सरकार कारणं लिहून अहवाल फेटाळू शकतं. आधी तेवढी पळवाट बंद करा, अंतराचं नंतर बघू.

निवृत्त हवालदार:
मग हेही वाचा. राज्य प्राधिकरणात निवृत्त पोलीस अधिकारी असतो, तोही वरच्या हुद्द्याचा. शिपायाची बाजू कोण मांडणार? ‘आत घे त्याला’ म्हणणारा वेगळा, दंडुका ज्याच्या हातात तो वेगळा. अहवालात नाव कुणाचं येतं, सांगा की.

पंचगंगाकाठ:
हे मात्र पटलं. तोंडी आदेशाची नोंद स्टेशन डायरीत घ्यायची सक्ती करा, शिपायाला वकील द्या. पण त्यासाठी तरी सुनावणी जवळ हवी ना? तुमचा शिपाई रजा टाकून पुण्याला जाईल होय?

निवृत्त हवालदार:
रजा मिळाली तर.