इंदूर: मालवा मिल भागात संध्याकाळची अभ्यासिका, आधी काय करावं?

प्रश्न: आमची संस्था मिलमागच्या वस्तीत अभ्यासिका सुरू करतेय. तिसरी ते पाचवीची ४० मुलं, एक खोली, दोन ताई. सुरुवात कुठून करावी?

मिलचाळ: इयत्तेप्रमाणे बसवू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्या: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. जिथपर्यंत नीट वाचता येईल तो त्याचा गट. 'प्रथम' संस्थेची पद्धत हीच. गणितात अंकओळख, वजाबाकी, भागाकार. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून गट बदला, नाहीतर मूल कच्च्या गटातच अडकून राहतं. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून वाचन हिंदीतच. समजावताना मराठी, माळवी खुशाल वापरा.

शिक्षिका_इंदूर: त्याआधी शाळाबाह्य मुलं शोधा, हे काम सगळ्यात महत्त्वाचं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ४: वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण. कलम १४: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज असतो. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) आणि आधारमधलं नाव, जन्मतारीख जुळली नाही की तो अडतो. दुरुस्ती महिना-दोन महिने आधीच करून घ्या.

मालवाकर: नळाला पाणी येण्याची वेळ टाळा, तेव्हा मोठ्या मुली पाणी भरतात. धाकट्या भावंडांसाठी कोपऱ्यात सतरंजी आणि चित्रांची पुस्तकं ठेवा. भावंडांना घेऊन येऊ दिलं नाही तर सर्वात आधी मुलीच गळतात.