बोंडअळीनं बीटी पचवलं, याले उत्क्रांती म्हणायची काय?

पऱ्हाटीवाला, यवतमाळ:
२००२ ले बीटी आलं, म्हंजे अळीले मारणारं इष झाडातच तयार करणारं कपाशीचं बियाणं, तेव्हा बोंड फोडलं तर आत अळी दिसे नाही. २००६ ले इषाच्या दोन जनुकांचं बीटी, बीजी-टू आलं. अन् २०१७ ले वरून हिरवंगार बोंड, आत गुलाबी अळी, रुई पिवळी, दोन सरक्या एकमेकीले चिकटलेल्या. माह्यं मत सरळ हाये. अळीनं पिढ्यान्‌पिढ्या थोडं थोडं इष खाल्लं, तिले दारूसारखी सवय झाली. उत्क्रांती-बित्क्रांती काही नाही.

बायोलॉजीवाले सर:
भाऊ, सवय त्या जिवासोबतच मरते, पिल्लांत उतरत नाही. पहिल्या बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतडं फाटतं, अळी मरते. लाखो अळ्यांत एखादीच्या कॅडहेरिन जनुकात बिघाड असतो. विषाला चिकटायला जागाच मिळत नाही. हा बिघाड म्हणजे उत्परिवर्तन. बाकीच्या मेल्या, ही उरली, पुढच्या हंगामात शेत हिच्या वंशाचं. ही झाली निवड.

वर्धेकर:
बिघाड विषानंच घडवला नाही कशावरून? सर ठोकून देतात.

बायोलॉजीवाले सर:
१९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी हेच तपासलं, फक्त जिवाणूंवर. एकसारख्या बऱ्याच नळ्यांत जिवाणू वाढवले, मग त्यांच्यावर मारक विषाणू सोडले. विषाणूमुळे बदल होत असता तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात कुठे एकही नाही, कुठे ढीगभर. म्हणजे बदल विषाणू येण्याआधीच, वाढताना कधीतरी होऊन गेला होता.

अचलपूरचा पाटील:
असो. अळी अळीच राहिली ना? फुलपाखरू सोडा, मुंगीही झाली नाही.

वर्धेकर:
पाटील, एका पिकाच्या काळात मुंगी मागता? जनुकांचं प्रमाण पिढ्यांमागून बदललं की तीच उत्क्रांती. तेवढं मी मानतो. पण हिरवी बोंडअळीही तेच बीटी खात होती, ती का नाही माजली?

बायोलॉजीवाले सर:
प्रश्न नेमका आहे. हिरवी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिथे बीटी नाही, म्हणून विषाला बळी पडणारे पतंगही टिकतात, त्यांच्याशी संकर होऊन बिघाडाचं जनुक पातळ होतं. गुलाबी जवळपास कपाशीवरच जगते. म्हणून तर बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी द्यायचे, कडेनं लावायला. बहुतेकांनी ती लावलीच नाही. वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेली कपाशी, मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीला जास्तीच्या पिढ्या.

पऱ्हाटीवाला, यवतमाळ:
घ्या, फिरून फिरून कास्तकारच दोषी! तीन एकरवाला माणूस अळीच्या जेवणासाठी पाच ओळी सोडीन काय? तुमचं ते कॅडहेरिन खरं असन, मी नाही म्हणत नाही. पण डिसेंबरात पऱ्हाटी उपटा म्हणून राहिले, तर फरदडीच्या कापसाचा पैसा कोन देईन, ते बी सांगा.