‘दीर्घ मुदतीत जोखीम शून्य होते’ हे नवख्यांना शिकवू नये

मुद्दल

‘दीर्घ पल्ला’ यांनी परवाच्या लेखात नव्या गुंतवणूकदारांना दोन सल्ले दिले आहेत. मागील तीन वर्षांत सर्वाधिक परतावा दिलेले पाच म्युच्युअल फंड घ्यावेत, त्यांची यादीही त्यांनी दिली आहे. आणि नंतर दहा वर्षे तिकडे पाहू नये, कारण ‘दीर्घ मुदतीत जोखीम शून्य होते’. त्यावर चार ओळी लिहायला बसलो होतो, पण मजकूर इतका वाढला की स्वतंत्र धागा काढणे भाग पडले.

मुदत वाढली की वार्षिक सरासरी परताव्यातील चढउतार कमी होतात, हे मला मान्य आहे. परंतु आपल्या हातात सरासरी पडत नाही, रक्कम पडते, आणि रकमेतील तफावत मुदतीबरोबर वाढतच जाते. एक लाख पंचवीस वर्षे सहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे 4.29 लाख होतात आणि दहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे 10.83 लाख. दरात फरक चारच टक्क्यांचा, पण रक्कम अडीच पट. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 1989च्या डिसेंबरअखेर 38,915 वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती 2024च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षे ही कोणत्याही व्याख्येने दीर्घ मुदतच आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. धाकट्या भावाच्या उच्चशिक्षणासाठी साठवलेले पैसे मी 2007 मध्ये संपूर्णपणे समभागांच्या फंडात घातले, कारण मलाही कोणीतरी हेच वाक्य सांगितले होते. किती जमले पाहिजेत तो आकडा आईने शिशपेन्सिलीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवला होता. 2009च्या सुरुवातीला शुल्क भरायची वेळ आली तेव्हा फंड विकून जे हाती आले ते त्या आकड्याच्या निम्म्याला जेमतेम पोहोचत होते. उरलेले कर्ज काढून भरले. तो फंड पुढे पूर्ण सावरला, परंतु तो सावरला तेव्हा आमचे पैसे त्यात नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की नवख्याला पहिला प्रश्न ‘फंड कोणता’ हा विचारूच नये. ‘हे पैसे कधी लागणार’ हा विचारावा. दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम समभागांत असता कामा नये, मग फंड कितीही नामवंत असो.

दीर्घ पल्ला

माझ्या लेखातील एक वाक्य उचलून संपूर्ण लेखाला धारेवर धरणे मला न्याय्य वाटत नाही. लेख दहा वर्षे थांबू शकणाऱ्यांसाठी होता. दोन वर्षांत लागणारे शिक्षणाचे पैसे समभागांत घाला असे मी कोठेही लिहिलेले नाही, त्यामुळे आपल्या घरातील चुकीची जबाबदारी माझ्या सल्ल्यावर टाकू नये. जपानचे उदाहरणही अर्धेच सांगितले आहे. त्या आकड्यात लाभांश धरलेला नाही, आणि आयुष्यभराची पुंजी नेमकी शिखराच्या दिवशी एकरकमी घालणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. दरमहा ठरावीक रक्कम घालत राहिलेल्याची बरीच खरेदी पडत्या भावात झाली असती आणि त्याचे चित्र पुष्कळ वेगळे दिसले असते.

मला याची खरी चीड येते, कारण जोखीम, जोखीम म्हणत आपण नवख्यांना इतके घाबरवतो की ते सारी शिल्लक बचत खात्यात कुजू देतात. महागाई दरवर्षी सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. तिथे आकडा कमी झालेला दिसत नाही म्हणून कोणी त्याला तोटा म्हणत नाही, इतकेच.

आकडेमोड

महागाईबद्दल ‘दीर्घ पल्ला’ यांच्याशी पूर्ण सहमत, पाच फंडांच्या यादीबद्दल पूर्ण असहमत. तीन वर्षांत अग्रस्थानी असलेला फंड बहुधा त्या तीन वर्षांत ज्या क्षेत्राची चलती होती त्यात अधिक गुंतलेला असतो. आपण आत शिरतो तोवर वारे फिरलेले असते. शिवाय बंद पडलेले किंवा दुसऱ्यात विलीन झालेले फंड अशा याद्यांतून नाहीसे होतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसते.

पुढील परतावा कोणालाच ठाऊक नसतो, खर्च मात्र आजच छापलेला असतो. वरचेच उदाहरण घ्या. दहा टक्क्यांतून एक टक्का खर्च वजा झाला तर पंचवीस वर्षांनी 10.83 लाखांऐवजी 8.62 लाख हाती येतात, म्हणजे अंतिम रकमेचा पाचवा हिस्सा गेला. अमेरिकेतील व्हॅनगार्ड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी 1976 मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड (निवड न करता निर्देशांकातील कंपन्यांतच पैसे घालणारा, कमी खर्चाचा फंड) उघडला तो याच साध्या हिशेबावर. अमेरिकेतील नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी 2008 ते 2017 या दहा वर्षांसाठी लावलेली पैज सर्वांना ठाऊक आहेच. एका बाजूला अमेरिकेतील पाचशे कंपन्यांचा इंडेक्स फंड आणि दुसऱ्या बाजूला निवडक हेज फंडांचे (श्रीमंतांसाठीचे, भारी शुल्काचे खासगी फंड) पाच संच होते. पाचही संच मागे पडले.

सायंतारा

थोडे अवांतर होईल, परंतु खर्चाचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. माझे वडील निवृत्त झाले त्याच महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. सतरा पानी अर्ज होता आणि जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या करून ठेवल्या होत्या. वडिलांनी फुल्या पाहिल्या आणि सह्या केल्या. पाने वाचण्याची वेळच त्यांच्यावर येऊ दिली गेली नाही. दोन वर्षांनी पैसे काढायला गेलो तेव्हा कळले की ती विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली योजना होती, पहिल्या वर्षीच्या हप्त्यातील मोठा भाग शुल्कात गेला होता आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास आणखी कपात होणार होती. ते गृहस्थ त्यानंतर आमच्याकडे फिरकले नाहीत. फंड कसा निवडावा यावर आपण येथे वाद घालत आहोत, पण बहुतेक घरांत फंड निवडला जात नाही, तो गळ्यात मारला जातो, आणि ज्याला अधिक कमिशन तोच मारला जातो.

वाटाड्या

मी याच व्यवसायात आहे आणि हा प्रतिसाद वाचून मन विषण्ण झाले. आपल्या वडिलांची फसवणूक झाली हे निर्विवाद आहे, परंतु एका माणसाच्या वर्तनावरून संपूर्ण व्यवसायाला लुटारू ठरवणे हा अन्याय आहे. 2020च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचा मुख्य निर्देशांक महिन्याभरात सुमारे 34 टक्क्यांनी घसरला, जगभर हीच अवस्था होती, आणि माझा फोन रात्री अकरापर्यंत थांबत नव्हता. एका बाईंनी दुपारी तीन वेळा सांगितले, ‘सगळे विका.’ चौथ्यांदा मी त्यांच्या घरी जाऊन बसलो, त्यांना कोणत्या वर्षी किती पैसे लागणार आहेत ते एका कागदावर लिहून काढले आणि पुढील सात वर्षांत त्यातील काहीच लागणार नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिले. त्यांनी विकले नाही. तो निर्देशांक ऑगस्टमध्ये पुन्हा जुन्या शिखरावर होता. ‘आकडेमोड’ यांच्या कोष्टकात त्या संध्याकाळची किंमत कोणत्या रकान्यात धरली आहे?

सायंतारा

त्या बाईंना आपण भेटलात हे त्यांचे भाग्य, आणि माझ्या वडिलांना दुसरे कोणी भेटले हे त्यांचे दुर्भाग्य. नेमकी हीच माझी तक्रार आहे. माणूस चांगला निघेल या भरवशावर आयुष्याची पुंजी सोपवावी लागत असेल तर ती व्यवस्था सदोष आहे. आपल्याला फंडाकडून दरवर्षी किती मिळते ते त्या बाईंना आपण आकड्यात सांगितले आहे का? होय की नाही एवढेच उत्तर हवे आहे.

आकडेमोड

‘वाटाड्या’ यांनी त्या संध्याकाळचे काम चोख केले, यात शंका नाही. परंतु फंडाकडून मिळणारे त्यांचे शुल्क दरवर्षी, संपूर्ण जमेवर आणि न दिसता कापले जाते, ज्या वर्षी कोणी घरी येत नाही त्या वर्षीसुद्धा. जमा दसपट झाली की मोबदलाही दसपट होतो. सल्ला दसपट होत नाही. सल्ल्याचे पैसे वेगळे मागावेत आणि उघड घ्यावेत, एवढेच म्हणणे आहे.

वाटाड्या

होय-नाहीत उत्तर मागितले आहे म्हणून देतो: नाही, आकड्यात सांगितलेले नव्हते. ‘फंडाकडून मिळते’ एवढेच सांगितले होते. सांगायला हवे होते, हे मान्य करतो. वेगळे शुल्क मागून पाहिले तेव्हा दहांपैकी नऊ लोक उठून गेले, हेही आपण लक्षात घ्यावे. लोकांना दिसणारे शुल्क टोचते आणि न दिसणारे चालते. तो दोष एकट्या माझा नाही.

मुद्दल

कमिशनची चर्चा मूळ प्रश्नापेक्षा मोठी झाली आहे. पण ‘वाटाड्या’ यांच्या अनुभवातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तो कागद आहे. त्या बाईंना धीर आला तो फंडाच्या क्रमांकामुळे नाही, पैसे कधी लागणार ते समोर दिसल्यामुळे.

रोख्यांबद्दल (म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना व्याजाने दिलेल्या कर्जाचे कागद) कोणीच लिहिले नाही म्हणून एवढेच सांगतो की, रोखे फंड म्हणजे मुदत ठेव अशी समजूतही नवख्यांनी सोडावी. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात. सरासरी संवेदन-कालावधी (व्याजदर बदलल्यावर भाव किती हलतो त्याचे माप, इंग्रजीत ‘ड्युरेशन’) सात वर्षांचा असेल तर दर एक टक्क्याने वाढल्यावर फंड सुमारे सात टक्क्यांनी घसरतो. 2022 मध्ये अमेरिकेत समभाग आणि रोखे एकाच वर्षी पडले. जवळच्या गरजेसाठी रोखे फंड घ्यायचा तर तो अल्प मुदतीचा आणि भरवशाच्या कर्जदारांचा असावा.

आणि ‘दीर्घ पल्ला’ यांना एक विनंती आहे. लाभांश आणि दरमहा गुंतवणूक यांबाबतचा आपला आक्षेप मी स्वीकारतो. जपानचा आकडा त्यांच्याशिवाय द्यायला नको होता. परंतु सहा वर्षांपूर्वी आपण हीच कसोटी लावली असती तर कोणते पाच फंड निघाले असते आणि आज ते कोठे आहेत, हे एकदा तपासून येथे लिहावे.

दीर्घ पल्ला

तपासले. मला वहीत नोंदी ठेवण्याची सवय आहे, त्यामुळे त्या वेळची यादी माझ्याच हस्ताक्षरात सापडली. पाचांपैकी एक फंड दुसऱ्यात विलीन झाला आहे, दोन आपल्या गटाच्या खालच्या अर्ध्यात आहेत, एक मधोमध आहे आणि एक आजही चांगला आहे. तो चांगला फंड माझ्याकडे आहे, आणि इतकी वर्षे मला फक्त तोच आठवत होता.

लेखातील यादी काढून टाकतो आहे आणि ‘शून्य होते’ या जागी ‘थांबता आले तर बरीच कमी होण्याची शक्यता असते’ असे लिहितो आहे. लेख मात्र मागे घेणार नाही. बचत खात्यातील पैशांबद्दल जे लिहिले आहे त्यावर मी ठाम आहे आणि त्याचे उत्तर या धाग्यात अजून कोणी दिलेले नाही.