उरलेल्या बिअरचा ब्रेड: कोणाकोणाचा जमला, कोणाचा फसला?

पाहुणे गेले आणि फ्रिजमध्ये मोठी बाटली अर्धी राहिली, सकाळपर्यंत गॅस पार उडालेला. ओतून द्यायचं जिवावर आलं म्हणून ब्रेड केला. ३ कप मैदा, साडेचार छोटे चमचे बेकिंग पावडर, पाऊण छोटा चमचा मीठ, ३ मोठे चमचे साखर, हे चाळून त्यात साधारण ३३० मिली बिअर ओतली, कालवलं, लोफ टिनमध्ये टाकलं, वरून वितळवलेलं लोणी आणि १८० डिग्रीला ५० मिनिटं. यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघत बसणं नाही. चक्क जमला! तुमचे अनुभव लिहा, फसलेले आधी लिहा.

--

फसलेला माझ्याकडे आहे ना. हाताला सवय, त्यामुळे मी ते पीठ चांगलं दहा मिनिटं मळलं, चिकटतंय म्हणून आणखी मैदा घातला, परत मळलं. जे काही बाहेर आलं ते कापायला दोघं लागलो. यात मैदा जितका घोळवाल तितका चिवट होतो. आता चमच्याने दहा-बारा वेळा फिरवते आणि ओली ढेकळं दिसत असतानाच हात आवरते. आवरणंच कठीण आहे खरं तर.

--

मी आयपीए (हॉप्स ही कडू फुलं भरपूर घातलेली बिअर) घातली होती. नका घालू. प्यायला ती मस्त लागते पण भाजताना पाणी उडून जातं आणि हॉप्सचा कडूपणा तिथेच बसून राहतो. मध लावून बघितला, चीज लावून बघितलं, कडू ते कडूच. साधी लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, बिनधास्त चालते. स्टाउट, म्हणजे काळी बिअर, घातली तर ब्रेड छान काळपट होतो आणि जरा भाजका वास येतो, माझा तोच आवडता.

--

बिअरमध्ये यीस्ट असतंच की, असं म्हणून मी बेकिंग पावडर घातलीच नाही. वीट!! नंतर डोक्यात प्रकाश पडला, बाजारातली बहुतेक बिअर गाळलेली असते, त्यात जिवंत यीस्ट उरतच नाही, आणि उरलं तरी टिन लगेच ओव्हनमध्ये गेल्यावर ते बिचारं काय करणार. पूर्वी युरोपात पाववाले बिअर बनवणाऱ्यांकडून वरचा फेस आणायचे, तो जिवंत असायचा, ती गोष्ट वेगळी. इथे फुगवायचं काम बेकिंग पावडरच करते, म्हणून धागाकर्तीची गॅस उडालेली बिअरसुद्धा चालली. ताजी असेल तर ब्रेड किंचित हलका होतो, इतकंच.

--

लहान मुलं असतील तर एक सांगते, अल्कोहोल सगळं उडून जातं हे खरं नाही. तासभर भाजल्यावरही साधारण पाव हिस्सा राहतो असं धरतात. म्हणजे ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर असेल तर अख्ख्या ब्रेडमध्ये चारेक मिली. फार नाही, पण मी मुलांसाठी बिनअल्कोहोलची बिअर वापरते, ब्रेड तसाच फुगतो.

--

लोणी वरून ओतताय ते टिनच्या काठापर्यंत पीठ भरलं असेल तर नका ओतू, माझं सगळं ओघळून ओव्हनच्या तळाशी गेलं आणि घरभर धूर, स्मोक अलार्म, शेजारी दारात. आता खाली ट्रे ठेवतो. पण लोणी सोडू नका, कडेला ते तळल्यासारखं होतं ना, त्या कडेसाठीच तर हा उद्योग.

आणि गरम असताना कापायचा नाही म्हणतात, आत गिच्च लागतो, माहितीये. टोकाची पहिली चकती मात्र आमच्याकडे ओट्यापाशी उभ्या उभ्याच संपते, टिन हाताला चटके देत असताना.

--

कणीक निम्मी घातली तर चालेल का कोणी केलंय? माझ्याकडे अर्धा कॅन आहे आणि मैदा दीडच कप.