लिहिता लिहिता एडिटरमधूनच ऑनलाइन शब्दकोश बघायचाय, काय वापरता?

हळदपेठ_सांगली
मंडळी नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला असतो, काम अनुवाद आणि मुद्रितशोधनाचं, बरंचसं शेतीवरचं, इंग्रजीतून मराठीत. लिहितो नोटपॅड प्लस प्लस या हलक्या एडिटरमध्ये कारण लॅपटॉप जुना आहे आणि वर्ड उघडलं की त्याला धाप लागते. अडचण अशी की थोडं लिहिलं की शब्द अडतो, मग ब्राउझर उघडा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं पान शोधा, शब्द परत टाईप करा, अर्थ बघा, मागं या, तोवर हातातलं वाक्य गेलेलं असतंय. शब्दावर कर्सर ठेवून एक बटण दाबलं की अर्थ समोर, असं काय जमेल का? मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा मराठी शब्दकोश हे दोन पाहिजेतच, बाकी बोनस. पैसे घालायचे नाहीत, प्रोग्रामिंग येत नाही, पण सांगितलं तसं करतो.

पोवई_नाका
दादा, वेगळं काय टाकायची गरजच नाही, नोटपॅड प्लस प्लसमध्ये ते आधीपासून आहे. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल डिक्शनरीज साइटवर जा, तिथं मोल्सवर्थ, दाते-कर्वे, वझे, तुळपुळे सगळे आहेत. मोल्सवर्थमध्ये कुठलाबी शब्द शोध आणि वर पत्त्याच्या पट्टीत बघ, तू शोधलेला शब्द त्या पत्त्यातच दिसेल. तो अख्खा पत्ता उचल, शब्द खोडून तिथं डॉलर, मग कंसात करंट अंडरस्कोर वर्ड असं टाक (इंग्रजी कॅपिटलमध्ये, मधे स्पेस नको). आता एडिटरात एफ५ दाब, रनची खिडकी येते, तिथं पेस्ट कर आणि रन न दाबता सेव्ह कर, नाव दे, शॉर्टकट दे. दाते-कर्वेसाठी परत तेच, वेगळी की. झालं. फक्त कंट्रोल-ऑल्टवाले शॉर्टकट टाळ, विंडोजला उजवा ऑल्ट आणि कंट्रोल-ऑल्ट एकच वाटतात, मराठी कीबोर्ड चालू असला की गोंधळ होतो.

एक लक्षात ठेव, ज्या साइटवर शोधलेला शब्द पत्त्यात येतच नाही तिथं ही युक्ती चालत नाही.

मिरज_जंक्शन
एवढं क्लिक क्लिक कशाला, विम नावाचा एडिटर घ्या. शब्दावर कर्सर, कॅपिटल के दाबा, कीवर्डपीआरजी नावाची सेटिंग आहे त्यात जो प्रोग्राम सांगाल तो त्या शब्दावर चालतो. मूळचं मॅन पेज, म्हणजे कमांडच्या माहितीचं पान, उघडतं, आपण तिथं डिक्शनरीची कमांड बसवायची. आणि इमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्यांची तर मजाच आहे, आवृत्ती २८ पासून डिक्शनरी आतच येते, ती डिक्ट नावाच्या प्रोटोकॉलवर (नेटवरच्या कोशाला विचारायची ठरलेली पद्धत) बोलते. १९९७ चा प्रोटोकॉल आहे, पोर्ट २६२८, अजून चालतोय. वर्डनेट आणि जुना वेब्स्टर हे इंग्रजी कोश त्यावर मिळतात.

हळदपेठ_सांगली
@मिरज_जंक्शन भाऊ, डोक्यावरनं गेलं सगळं 😅 आणि त्यात मराठी कुठाय?

मिरज_जंक्शन
मराठी नाही, ते खरंय. पण तू इंग्रजीतनं अनुवाद करतोस म्हणून म्हटलं, मूळ इंग्रजी शब्दाची छटा बघायला उपयोग होतो.

वाईच्या_ताई
मुलांनो, तुम्ही सगळे बटणावर बोलताय, पण मराठीची खरी मेख वेगळी आहे. मजकुरात शब्द असतो 'उसाच्या', 'पावसाने', 'मुळाशी'. कोशात नोंद आहे ऊस, पाऊस, मूळ अशी. कर्सरखालचा शब्द जसाच्या तसा पाठवलात तर काहीही सापडणार नाही. शेपटी कापली तरी 'उसा' उरतं, त्यातला काना काढला तरी ऱ्हस्व उ राहतोच, आणि 'पावसा'वरून 'पाऊस'ला यंत्राने कसं पोचायचं? इंग्रजीत एस काढला की बहुतेकदा भागतं, आपल्याकडे सामान्यरूप आहे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दच बदलतो. म्हणून माझा सल्ला, थेट अर्थ दाखवणाऱ्या पॉपअपच्या मागे लागू नका, शोधाची चौकट शब्दासकट उघडेल असं काही घ्या, म्हणजे मूळ रूप तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं.

दुसरं, मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि शुद्धलेखनाचे नवे नियम आले १९६२ मध्ये. जुन्या कोशांत अनुस्वार भरपूर. एखादा साधा शब्द 'नाही' म्हणून आला तर डोक्यावर टिंब देऊन परत बघा.

आणि विश्वकोशाचं काम आमच्या वाईतलं म्हणून नाही, पण अडतो तो शब्द नसून संकल्पना असेल तर कोश बंद करून मराठी विश्वकोश उघडा. तोही आता ऑनलाइन आहे.

पोवई_नाका
ताई एकदम बरोबर, सामान्यरूपाचा विचारच केला नव्हता कुणी. त्यात अजून भर घालतो. कुणी स्क्रिप्ट लिहिणार असेल तर पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) 'शब्द'च्या अक्षरांसाठी जे चिन्ह आहे ना, ते काना मात्रा हलंत यांना अक्षरच धरत नाही, 'शब्दकोश' दिलं की शब, दक आणि श असे तीन तुकडे हातात येतात. जावास्क्रिप्टचं तर त्याहून वाईट, त्याला देवनागरी दिसतच नाही. सरळ ०९०० ते ०९७एफ अशी युनिकोडमधली देवनागरीची रेंज द्यायची, विषय संपला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये टास्क लिहिणार असाल तर सिलेक्टेड टेक्स्टवालं व्हेरिएबल घ्या, म्हणजे हा घोळ होतच नाही, जेवढं सिलेक्ट केलं तेवढंच जातं. नोटपॅड प्लस प्लसमध्येबी तेच करायचं बरं का दादा, नुसता कर्सर ठेवू नको, शब्द सिलेक्ट करून बटण दाब.

मंडई_कट्टा
एवढा कुटाणा करण्यापेक्षा गूगल ट्रान्सलेट नाहीतर एआयला विचारा की राव

वाईच्या_ताई
@मंडई_कट्टा विचारा की, कोण नाही म्हणतंय. पण दाते-कर्व्यांत शब्द कुठल्या ग्रंथात कसा वापरला त्याचे दाखले मिळतात. मुद्रितशोधकाला कुणी विचारलं की हे कशावरून, तर दाखवायला काहीतरी लागतं.

जत_तालुका
आमच्याकडं नेट आलं तर आलं. म्हणून मी गोल्डनडिक्ट नावाचं कोश बघायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं. ते मागं चालू ठेवायचं आणि कुठल्याबी एडिटरात शब्द सिलेक्ट करून कंट्रोल-सी दोनदा पटपट दाबायचं, अर्थाची खिडकी वर येते, आणि त्या खिडकीत वर शब्द बदलता येतो, म्हणजे ताईंची अडचण सुटली. स्टारडिक्ट प्रकारच्या कोशांच्या फाइली त्यात टाकल्या की नेट लागत नाही. शिवाय वेबसाइटचा पत्ता पण देता येतो, शब्दाच्या जागी टक्का जीडीवर्ड टक्का लिहायचं, मग नेट असेल तेव्हा मोल्सवर्थ तिथंच उघडतो. फाइली मात्र कुठनं घेताय ते बघा, सगळेच कोश जुने आणि हक्कांतनं मोकळे नाहीत.

हळदपेठ_सांगली
सगळ्यांचे आभार. रनवाली युक्ती बसवली, एका कीवर मोल्सवर्थ, एकीवर दाते-कर्वे, दोन्ही चालतात. सामान्यरूप असेल तर पान उघडल्यावर वरच्या चौकटीत शब्द दुरुस्त करतो, एवढं सोसवतं. गोल्डनडिक्टबी टाकलंय, वर्डमधलं काम आलं की ते वापरीन. आणि एक गोष्ट गावली ती बाकीच्यांना सांगतो, शिकागोच्या साइटवर नुसत्या मुख्य नोंदीत न शोधता नोंदीच्या आतल्या मजकुरात पण शोधता येतंय. मोल्सवर्थमध्ये तसं करून इंग्रजी शब्द टाकला की त्या अर्थाच्या मराठी नोंदींची रांगच लागते. म्हणजे मराठी-इंग्रजी कोश उलटा वापरायचा. शेतीच्या कामाला ह्याचा लई उपयोग, अवजारांची आणि मातीची असली नावं निघाली की आमच्या वडिलांनाच माहीत असतील. नव्या शास्त्रीय शब्दांना मात्र परिभाषा कोशच, कृषिशास्त्राचा वेगळा आहे त्यात.

आता शेवटचं, छापखान्यातनं जुन्या फॉन्टातला मजकूर येतो, त्यातला शब्द सिलेक्ट केला की कोशाकडं काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच जातात. त्याला काय इलाज?

पोवई_नाका
तो मजकूर आतून मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेत नुसते. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घे, मगच एडिटरात आण, दुसरा मार्ग नाही.

वाईच्या_ताई
कन्व्हर्ट केल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असले शब्द तेवढे तपासा. तो आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो, दिसायला एकसारखा. कोशात एक तऱ्हा आणि तुमच्या मजकुरात दुसरी असली की शब्द असूनही सापडत नाही.

पोवई_नाका
हो, एकात नुक्त्याचा ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मागं न दिसणारा जोडक. फाइंड-रिप्लेसमध्ये एकदाच सगळे बदलून घे दादा. दिसत नसलं तरी जुन्यातला तुकडा कॉपी करून फाइंडमध्ये टाकला की सापडतं.