प्रति: डॅमला इनडिझाइन जोडायचं का नुसतं डाउनलोड करून भागतंय?

भावा, डॅम (डिजिटल अ‍ॅसेट मॅनेजमेंट, म्हणजे सगळ्यांचे फोटो-फाइली एका जागी ठेवायची सिस्टीम) इनडिझाइनला (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) जोडणाऱ्या प्लगइनला पैसे कशाला, डॅममधनं फोटो डाउनलोड करून इनडिझाइनमध्ये टाकला तर काय बिघडतंय, असं विचारलंयस वर. एकटाच असशील तर काय बिघडत नाही. पण आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात चपलांच्या कॅटलॉगवर तिघं बसतात, डाउनलोड केलं की प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर एक 'कापशी_फायनल_नवीन२' तयार, मग गिऱ्हाईकानं चपलेच्या वेणीचा रंग सुधारून नवा फोटो दिला की तो एकाच्याच पानावर बदलतो. प्लगइननं लिंक थेट डॅममधल्या फाइलला राहते, नवं व्हर्जन चढलं की लिंक्स पॅनलमध्ये पिवळा त्रिकोण दिसतोय, अपडेट मारलं की झालं. फोटो एम्बेड केलास, म्हणजे लिंक न ठेवता इनडिझाइनच्या फाइलीतच घातलास, तर मात्र हे सगळं विसर.

काही डॅम लेआउटला हलका प्रिव्ह्यू देतात आणि मोठी फाइल शेवटी बसवतात, तेव्हा पीडीएफ काढायच्या आधी इफेक्टिव्ह पीपीआय (पानावर फोटो ज्या मापात बसलाय, त्या मापाला इंचात किती पिक्सेल येतात ते) बघच, छपाईला ३०० च्या आसपास पायजे. आणि विकणाऱ्याला विचार, प्लगइन यूएक्सपीवर (अडोबीची नवी प्लगइन बनवायची पद्धत) हाय का जुन्या सीईपीवर (आधीची पद्धत), कारण अडोबी आता यूएक्सपीकडंच चाललंय.

कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनो, तुमच्यासाठी असले प्लगइन फार नाहीत, डॅम नेटवर्क ड्राइव्हसारखा दिसतोय का तेवढं आधी विचारा.